शब्बाथची ट्राम

मार्सलीने आपल्या बेटाबाहेरची तीन बंदरं पाहिली होती आणि तिन्हींना हेरिंग माशाचा वास होता. लग्नाआधी ती मासेमारी बोटींच्या मागे मागे मासे साफ करायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, सुरी धरायची आणि दिवस मावळेपर्यंत मिठात हात घालून उभं राहायचं. त्या सुरीच्या खुणा अजून बोटांवर होत्या. थंडी पडली की पांढऱ्या व्हायच्या. ग्लासगो हे तिचं चौथं गाव. इथे माशाचा वास नव्हता. इथे धुराचा आणि ओल सुटलेल्या काळ्या दगडाचा वास होता. सकाळी डोळे उघडले तेव्हा तिला वाटलं, रात्रभर आपण एखाद्या विझलेल्या चुलीत झोपलो होतो.

ती, नवरा टॉरमॉड आणि नऊ वर्षांची पेगी, तिघं आदल्या रात्री पोचली होती. आधी बोट, मग दिवसभर आगगाडी. उतरली शोनागकडे. शोनाग ही टॉरमॉडची चुलत बहीण. तीस वर्षांपूर्वी ती घरकामाला म्हणून शहरात आली, नदीवरच्या फेरीबोटीतल्या एका खलाशाशी लग्न केलं, त्याला पुरलं, आणि आता पार्टिक या भागातल्या एका चार मजली इमारतीत एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढ्यात एकटी राहत होती.

शहर बघायला कुणी आलं नव्हतं. थोरली मुलगी डोलिना गेल्या शरद ऋतूपासून इथल्या क्षयाच्या रुग्णालयात होती. मंगळवारी डॉक्टर तिच्या एका बाजूच्या बरगड्या काढणार होते. त्याने म्हणे आजारी फुप्फुसाला विसावा मिळतो. भेटायला सोडत ते बुधवारी आणि रविवारी, दुपारी दोन ते तीन. बुधवार मंगळवारनंतर येतो. म्हणजे आजचा एकच तास होता.

आणि आज रविवार, म्हणजे शब्बाथ होता: देवाचा दिवस, कुठल्याच कामाला हात लावायचा नाही.

आदल्या रात्री पोचल्या पोचल्या टॉरमॉडने घड्याळाकडे पाहिलं होतं, आणि बाराच्या आत शोनागच्या नळाखाली दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या.

“अरे, नळ आहे तो,” शोनाग म्हणाली होती. “रविवारीही पाणी येतं त्याला.”

“येऊ दे. शब्बाथला आपण पाणी भरत नाही.”

“मी तीस वर्षं भरतेय.”

“ते तू आणि देव बघून घ्या. बटाटे कुठे आहेत?”

मग डोळ्यांवर झोप असताना नवरा-बायकोने दुसऱ्या दिवसाचे बटाटे सोलले. शोनाग पलंगावर बसून बघत राहिली. ती हसत नव्हती. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्या आईसारखं बटाट्याचं साल काढतंय, एवढंच ती बघत होती.

सकाळी लापशी खाताना शोनागने रस्ता सांगितला. “शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकडीवर. आपल्या दारासमोर ट्रामला बसायचं, मध्ये एकदा बदलायची. पाऊण तासात फाटकाशी.”

“आणि चालत?”

“चालत कोण जातं?”

“एवढ्या मोठ्या गावात कुणालाच ठाऊक नाही चालत किती लागतं ते?”

शोनागने पळी खाली ठेवली. “टॉरमॉड, आजाऱ्याला भेटायला जाणं हे दयेचं काम. दयेचं आणि गरजेचं काम शब्बाथला चालतं. चर्चची आख्खी प्रश्नोत्तरी लहानपणी तुलाच पाठ होती, मला नाही.”

“जाणं दयेचं आहे. ट्राम दयेची नाही. ज्याला पाय नाहीत त्याला ती गरज. मला आहेत.”

“आणि बायकोला?”

“तिलाही आहेत.”

शोनागने मार्सलीच्या पायांकडे पाहिलं. “आहेत खरे. पण आत्तापर्यंत मला वाटत होतं, ते तिचे आहेत.”

मार्सलीने लापशीचे वाडगे गोळा केले. बेटावर वारा असतो तसा तिच्या संसारात टॉरमॉड होता. वाऱ्याशी कुणी भांडत नाही. डोक्याचा रुमाल घट्ट बांधतं आणि चालू लागतं. तो दुष्ट नव्हता. चर्चच्या मंडळीत ‘वडील’ म्हणून पंचाचा मान होता, दारू नाही, हात उचलणं नाही, मागावर बसला की शेजारपाजाऱ्यांना त्याच्या कापडाचा भरवसा. लहानग्या ॲलेक्सला गोवराच्या तापात त्यांनी गमावलं तेव्हा तो तीन दिवस मागावर बसला नाही, आणि चौथ्या दिवशी बसला तो आजवर उठलेला नाही, असं तिला कधी कधी वाटे. या सगळ्यात तिने कधी एखादी गोष्ट ठरवली होती का, हे आठवायचा तिने जिन्यावरून उतरताना प्रयत्न केला. मासे साफ करायला जाणं तिने ठरवलं होतं. ते लग्नाआधी.

शब्बाथला त्यांच्या खिशात पैसा नसे, चर्चच्या दारातल्या थाळीत टाकायचा तेवढा सोडून. टॉरमॉडने रात्रीच वाटणी केली होती: सकाळच्या उपासनेचं एक नाणं, संध्याकाळच्या उपासनेचं एक. मार्सलीने दोन्ही नाणी रुमालाच्या दोन टोकांना गाठीत बांधली. सकाळचं थाळीत गेलं. संध्याकाळचा शिलिंग गाठीत राहिला.

चर्चमध्ये मात्र घडीभर बरं वाटलं. एकाने स्तोत्राची ओळ उचलली, मग सगळ्यांनी ती आपापल्या चालीने ओढली, आणि त्या काळ्या शहरात एकदम लाटा आपटायला लागल्या. मार्सलीने डोळे मिटून घेतले. पण पाळक लांब बोलले. ते बोलत होते आणि ती मांडीवरचा डबा धरून होती. डब्यात ओटच्या पिठात पुरलेली बारा अंडी होती. बोटीत नाही, गाडीत नाही, एकही फुटलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते.

“ट्रामच्या रुळांमागोमाग जा म्हणजे चुकणार नाही,” शोनागने चर्चच्या पायऱ्यांवर पुन्हा बजावलं. “आणि मार्सली,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुला दम लागला तर थांब. त्याला नाही कळायचं.”

पहिला अर्धा तास टॉरमॉडने समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मान लववून नमस्कार केला. बेटावर रस्त्याने कुणी दिसलं आणि आपण तसेच पुढे गेलो, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घरून निरोप येतो की काही बिनसलंय का. इथे चर्च सुटलेली माणसं थव्याने येत होती. एकजण मागे वळून बघत राहिला. एका बाईने पर्स छातीशी धरली.

“बाबा, हे आपल्याला ओळखत नाहीत,” पेगी म्हणाली.

“म्हणून काय झालं?”

“तुमची मान दुखेल.”

पुढच्या चौकात त्याची मान दुखली असावी. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो जमिनीकडे बघत चालू लागला. मार्सलीला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस थकलाय.

दगड थकवत होता. बेटावरचा माळ पाणथळ. पाय टाकला की जमीन थोडी खाली जाते आणि पुन्हा वर येते, जणू तीही आपल्याबरोबर चालते. टॉरमॉड तसल्या माळावरून दुसऱ्या गावच्या चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या उपासनेला सकाळी निघून दुपारच्या आत पोचायचा. इथली फरशी कुणाबरोबर चालत नव्हती. पावलाचा धक्का तसाच्या तसा गुडघ्यात परत येत होता. शब्बाथचे बूट कडक होते, मार्सलीच्या टाचेला कधीच फोड आला होता आणि तो फुटलाही होता.

एका कोपऱ्यावर पेगीने इंग्रजीत एका म्हाताऱ्याला रस्ता विचारला. म्हातारा सज्जन होता. सरळ जा म्हणाला, तिसऱ्या दारूच्या गुत्त्याशी डावीकडे, मग दोन गुत्ते सोडून पुढच्यासमोरून चढ. या शहराला दुसरी खूण नसावी. गुत्ते सगळे बंद, लाकडी झडपा ओढलेल्या. टॉरमॉड पाट्या बघत चालू लागला.

“हा दुसरा का?” त्याने विचारलं.

“तिसरा,” पेगी म्हणाली. “मघाचा तुम्ही धरला नाही. तो हॉटेलसारखा होता.”

मार्सली म्हणाली, “चर्चचे वडील गुत्ते मोजताहेत. गावात सांगू नकोस, पेगी.”

टॉरमॉडच्या ओठाचा कोपरा हलला. दिवसभरातलं त्याचं हसणं तेवढंच.

मग त्याने ती चूक केली. रूळ उजवीकडे मोठा वळसा घेत होते. तो थांबला, आभाळात उजेड कुठे आहे ते बघितलं, नदी कोणत्या अंगाला असेल ते हातानं दाखवलं. “हे वळसा घालतात,” तो म्हणाला. “आपण सरळ जाऊ.” माळावर धुक्यातसुद्धा तो असा सरळ जाई आणि नेमका चर्चच्या दाराशी निघे. मार्सली मागोमाग गेली. गल्ली अरुंद झाली, मग वाकली, मग खिडक्या संपल्या आणि एक भिंत आली. काळी, माणसाच्या तिप्पट उंच. पलीकडे मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आपटत होते. भिंतीच्या कडेने ती तिघं चालत राहिली. भिंत चालत राहिली. शेवटी तिच्यापुढे कालवा आला, त्यात एक मेलेलं मांजर तरंगत होतं, आणि पूल कुठे दिसत नव्हता.

कुठल्याशा मनोऱ्यातून दीडचा टोला पडला.

टॉरमॉड भिंतीला हात लावून उभा होता. ढोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“ट्रामने जाऊ या, टॉरमॉड,” मार्सली म्हणाली.

“नाही.”

“तीन वाजता ते दार लावतात.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

पेगी लांब जाऊन मांजराकडे बघत होती. मग तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, “आज, मार्सली? आजच्या दिवशी? परवा ती टेबलावर पालथी पडलेली असणार, तिचा श्वास देवाच्या हातात असणार. आणि आज मी त्याचा दिवस मोडू? इतकी वर्षं मोडला नाही तो आज मोडू? एरवी कधीतरी मोडला असता तर चाललं असतं. आज नाही.”

इतक्या वर्षांत तिने त्याला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तिला वाटत होतं, हा नियम आहे. तो नियम नव्हता, भीती होती. ॲलेक्स आजारी पडायच्या आधीच्या शब्बाथला त्याने कापणीच्या घाईत गवताची गंजी झाकली होती, पाऊस येत होता म्हणून. त्याबद्दल दोघं कधी बोलली नव्हती. पण ती गंजी त्या कालव्याच्या काठावर दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मार्सलीने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिला त्याचा राग येत होता, आणि तो राग धरून ठेवायलाही अंगात त्राण नव्हतं.

“मी जाते,” ती म्हणाली.

“कुठे?”

“रुळांकडे.”

“पैसे?”

तिने रुमालाचं टोक दाखवलं.

“ते थाळीत टाकायचं आहे.”

“हो.”

“मार्सली.”

“तू चालत ये. तुझं चालणं मी मोडत नाही. माझं जाणं तू मोडू नकोस.” आणि मग, कारण एवढंच बोलून निघणं तिला जमेना, ती म्हणाली, “घडायचंच असेल काही तर ते माझ्या नावावर पडेल. तुझ्या नाही.”

“ते नावं बघून पडत नाही,” टॉरमॉड म्हणाला. पण त्याने तिला अडवलं नाही. मार्सलीने पेगीला हाक मारली आणि दोघी रुळांकडे वळल्या.

ट्राम आली ती हिरवी, नारिंगी, आतून उजेडाची, आणि कंडक्टर बाई गाणं गुणगुणत होती. गाठ सुटेना. गार पडलेल्या बोटांनी मार्सली ती ओढत राहिली. शेवटी पेगीने दातांनी सोडवली.

“अगं बाई, एवढं बांधून ठेवलंस,” कंडक्टर म्हणाली, “पळून जाणार होता की काय?” तिने शिलिंग घेतला, चामड्याच्या पिशवीत टाकला, तिकिटं फाडली आणि सुटे पैसे मार्सलीच्या तळहातावर ठेवले. तळहात तसाच उघडा राहिला. काही झालं नाही. ट्राम हलली.

“आई, खिडकीतून बघितलं तर चालेल?” पेगीने विचारलं.

“बघ.”

“आणि आवडलं तर?”

मार्सलीने डबा मांडीवर नीट धरला. पेगीने मग अर्धं तोंड हाताने झाकून बाहेर बघितलं.

रुग्णालयाच्या फाटकाशी पहारेकऱ्याने लहान मुलाला आत सोडणार नाही म्हणून सांगितलं. पेगी त्याच्या चौकीतल्या बाकावर बसली. मार्सली एकटी टेकडी चढली. डोलिना उघड्या सज्जात होती; एका रांगेत पलंग, प्रत्येकावर लाल कांबळं, आणि समोर वाराच वारा. एवढ्या वाऱ्यातही पोरीच्या गालांवर लाली होती. ती लाली मार्सलीला ठाऊक होती. गावात ती ज्यांच्या गालांवर आली होती त्यांची घरं तिला ठाऊक होती.

“आई,” डोलिना म्हणाली. मग तिच्या मागे बघत, “बाबा?”

“येताहेत. चालत.”

“कुठून?”

“शोनागकडून.”

डोलिना हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. शेजारच्या पलंगावरची मुलगी म्हणाली, “हळू गं. सिस्टर मला बोलेल.” खोकला थांबल्यावर डोलिनाने विचारलं, “आणि तू?”

“ट्रामने.”

“कुणाच्या पैशाने?”

“देवाच्या.”

डोलिना आईकडे बघत राहिली. तिने आईला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मार्सलीलाही आपण कशा दिसतोय कोण जाणे असं झालं.

सिस्टर आली, तिने डब्यातून एकेक अंडं उकरून काढलं, पीठ झटकलं आणि पेन्सिलीने प्रत्येकावर डोलिनाचं नाव लिहिलं. नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या ताटात जातात म्हणाली. बारा अंड्यांवर बारा वेळा पोरीचं नाव. मार्सलीला ते बघवेना. ती गावातलं सांगत बसली. गाय कोण दोहतंय, कुणाचं कोकरू कड्यावरून पडलं, पेगीला शाळेत काय बक्षीस मिळालं. डोलिना तिच्या बोटांवरच्या पांढऱ्या खुणा चाचपत होती, लहानपणी झोपताना चाचपायची तशी.

“रागावू नकोस हं त्यांच्यावर,” मार्सली अखेर म्हणाली. खरं म्हणजे पोरीने थोडं रागवावं असं तिला वाटत होतं. कुणीतरी रागवायला हवं होतं.

“मी कशाला रागावू?” डोलिना म्हणाली. “पार्टिकहून चालत. म्हणजे घर जागेवर आहे. इथे पडल्या पडल्या मला वाटायला लागलं होतं, ते नसेलच आता.” ती थोडं थांबली; श्वास गोळा करावा लागत होता. “मंगळवारी तोंडावर ते औषध धरतात आणि आकडे मोजायला सांगतात. मी नाही मोजणार. बाबा चालताहेत तेच बघत राहीन. ते पोचायच्या आत झोप लागेल मला.”

घंटा झाली. बाकीच्या बायका उठल्या, खुर्च्या सरकल्या. मार्सलीने वाकून पोरीच्या केसांना तोंड लावलं. तोंडाला तोंड लावायची परवानगी नव्हती. आणि वाकलेली असतानाच डोलिना तिच्या खांद्यावरून म्हणाली, “ते बघ.”

खाली फाटकाबाहेर, चढाच्या टोकाला, एक काळा कोट वर येत होता. एक पाय ओढत. पहारेकऱ्याने हाताने खूण केली: संपलं. कोट थांबला. मग त्याने टोपी काढली आणि त्या लांबच लांब सज्जाकडे तोंड करून तो उभा राहिला. इतक्या लांबून त्याला कुठलं कांबळं आपलं ते कळणं शक्य नव्हतं. डोलिनाने हात वर केला. तो हात त्याला दिसला की नाही कोण जाणे. तो उभाच होता, टोपी छातीशी धरून, वाऱ्यात पांढरे केस उडत. आणि मग शेजारच्या मुलीनेही हात वर केला, तिच्या पलीकडचीनेही, की निदान एक तरी दिसावा.

परतताना तिघं रुळांमागोमाग चालली. ते ठरवावं लागलं नाही. सुटे पैसे रुमालात पुन्हा बांधलेले होते. टॉरमॉडने ते मागितले नाहीत. संध्याकाळच्या उपासनेला पोचणं होणार नव्हतं हे दोघांनाही कळत होतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “कशी असते?”

“काय?”

“ट्राम.”

“हलते. बोटीसारखी. पण वास येत नाही.”

“हं.”

पेगी त्याचा हात धरून अर्धवट झोपेत चालत होती. मार्सलीने पोरीचा मंगळवारबद्दलचा निरोप त्याला अजून सांगितला नव्हता. तिला तो द्यायचा नव्हता. रूळ दिसत असताना त्याने त्या भिंतीकडे नेलं त्याची, आणि एका तासातल्या गमावलेल्या वेळेची काहीतरी भरपाई तिला हवी होती, आणि हा निरोप एवढाच तिच्या हातात होता. तिने तो दोन चौक धरून ठेवला. मग टॉरमॉड एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, न विचारता, न सांगता. त्याने बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. त्या पायाकडे बघताना तिच्या लक्षात आलं की त्याने काही जिंकलेलं नाही, तिनेही नाही, आणि मंगळवार अजून यायचाच आहे.

ती त्याच्याशेजारी बसली आणि तिने सांगितलं. आकड्यांचं, औषधाचं, सगळं, पोरीच्या शब्दांत. काही गाळलं नाही.

तो ऐकत राहिला. नंतर त्याने मोजा तसाच वर ओढला, बूट चढवला आणि नाडी बांधायला घेतली. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

“झोप लागेल म्हणाली?”

“तू पोचायच्या आत, म्हणाली.”

“मग हळू चालायला हवं,” टॉरमॉड म्हणाला.

तो उठला आणि त्याने मार्सलीला उठायला हात दिला. रस्त्यात, लोकांदेखत, हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. दिवे लागत होते. मागून एक ट्राम आली आणि तिच्या उजेडात ओल्या फरशा क्षणभर चमकल्या. आत माणसं डुलत बसली होती. टॉरमॉडने थांबून, एका खिडकीला, मग दुसरीला, मग पुढच्या सगळ्यांना मान लववून नमस्कार केला.